सगळ्याला फक्त 'हो' म्हणा, काका

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी ३१ वर्षं काढली. मायक्रोमीटर लावून शतांश मिलिमीटरचा फरक पकडणं हे माझं काम. ड्रॉइंग न वाचता जॉब मशीनवर चढवणाऱ्या पोरांना मी भरपूर झापलंय, एकदोघांना रडवलंयसुद्धा. तोच मी जून २०२४ मध्ये ठाण्यातल्या एका बँकेत एसीत बसून, एक ओळ न वाचता, ३ लाख १३ हजार ५०० रुपये देऊन आलो. वर चहाही पिऊन आलो.

माझी ९ लाखांची एफडी त्या आठवड्यात पिकणार होती. ग्रॅच्युइटी आणि पीएफमधलं घराचं कर्ज फेडून जे उरलं, ते हे. ती कधी पिकते हे आमच्या हिलाही माहीत नव्हतं, पण बँकेतल्या त्या मुलाला बरोबर ठाऊक होतं. दोन दिवस आधी त्याचा फोन. "काका, रिलेशनशिप मॅनेजर बोलतोय तुमचा. पैसे बचत खात्यात पडून राहतील, नुकसान होईल. चहाला या ना." गेलो तर पोरगं उठून पाया पडलं. नाव मराठी, कपाळाला गंध, आई डोंबिवलीला असते म्हणाला. त्याच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर माझं सगळं खातं उघडं होतं. मागच्या वर्षी १५एच, म्हणजे व्याजातून कर कापू नका असं सांगणारा फॉर्म, द्यायचा मी विसरलो होतो आणि व्याजातून टीडीएस कापला गेला होता, ते त्यानेच काढलं. दुखरी नस होती ती माझी. "सहा लाखांची एफडी करूया, साडेसात टक्क्यांनी. तीन लाख मात्र एका स्पेशल प्लॅनमध्ये टाका. एफडीसारखाच, गॅरंटीड, पण टॅक्स फ्री. टीडीएसची कटकटच नाही."

टॅक्स फ्री हे खरं होतं. त्याच्या बोलण्यातली तेवढी एकच गोष्ट खरी निघाली.

मी विचारलं, किती वर्षांसाठी? तो म्हणाला, पाच वर्षं धरून चाला. 'धरून चाला' हा शब्द त्या वेळी कानाला खटकायला हवा होता. एफडीची मुदत कुणी धरून चालत नाही, ती पावतीवर तारखेसकट छापलेली असते.

मग माझ्या मोबाइलवर ओटीपी आला, तो मी वाचून दाखवला. नॉमिनीसाठी मुलाचाही ओटीपी लागेल म्हणाला. मुलगा पुण्यात इंजिनिअर. मीटिंगमध्ये होता, त्याने बाहेर येऊन आकडे सांगितले आणि परत आत गेला. म्हणजे म्हाताऱ्यांनाच फसवतात असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, त्या दिवशी शिकलेला मुलगाही तीस सेकंदांत गुंडाळला गेला. तो नॉमिनी नव्हताच. कागदावर विमा त्याच्या आयुष्याचा होता आणि हप्ते भरणारा मी. माझ्या ६४व्या वर्षी विमा उतरवायचा तर डॉक्टरी तपासण्या आल्या असत्या. त्या नकोत म्हणून मुलाचं नाव घातलं, हे मला फार नंतर कळलं.

खात्यातून ३ लाखांऐवजी ३,१३,५०० गेल्याचा मेसेज तिथे बसल्या बसल्याच आला. मी विचारलं, हे साडेतेरा हजार कसले? "प्रोसेसिंग आहे काका, ॲडजस्ट होतं." तो जीएसटी होता. पारंपरिक विमा पॉलिसीच्या पहिल्या हप्त्यावर तेव्हा साडेचार टक्के लागायचा. मुदत ठेवीत टाकलेल्या मुद्दलावर जीएसटी लागत नाही. तीन लाखांच्या ठेवीला तीन लाखच जातात, एक रुपया जास्त जात नाही. टूलरूममध्ये एवढा फरक दिसला असता तर मी मशीन थांबवलं असतं.

शेवटी फोन आला. त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, "व्हेरिफिकेशनचा कॉल येईल, फॉर्मॅलिटी असते. सगळ्याला फक्त 'हो' म्हणा, काका. मध्ये काही विचारलंत तर कॉल रिजेक्ट होतो आणि पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं." फोन स्पीकरवर ठेवून तो शेजारी उभा राहिला. पलीकडून एक बाई भराभर हिंदीत वाचत होत्या. 'पॉलिसी' हा शब्द ऐकून मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने हळूच सांगितलं, एफडीबरोबर विमा फ्री असतो. मी म्हणालो, हां जी.

अकरा दिवसांनी स्पीड पोस्टाने जाड पाकीट आलं. वर बँकेचं नाव नव्हतं, विमा कंपनीचं होतं. मी त्याला फोन केला, एवढं तरी केलं. "तेच ते काका, एफडीचं किट. जपून ठेवा." हिने ते गोदरेजच्या कपाटात पैठणीखाली ठेवलं. आमच्याकडे जपून ठेवणं म्हणजे न उघडणं. त्या पाकिटातल्या पहिल्याच पत्रात लिहिलं होतं की पॉलिसी पसंत नसेल तर कागद हाती पडल्यापासून ३० दिवसांत परत करा, किरकोळ खर्च कापून पैसे परत मिळतील. याला फ्री लुक म्हणतात. पूर्वी ही मुदत साधारण १५ दिवसांची असे, एप्रिल २०२४ पासून ३० झाली. नियमाने खास माझ्यासारख्यांसाठी दिलेले ते ३० दिवस आमच्या कपाटात गेले.

जून २०२५. मोबाइलवर मेसेज : पुढील हप्ता ३,०६,७५० रुपये. मला वाटलं, कुणीतरी ठकवायला पाठवलाय. असे मेसेज उघडू नका असं सगळे सांगतात, म्हणून दोन दिवस उघडला नाही. मग कपाट उघडलं.

दर वर्षी ३ लाख, सात वर्षं. मुदत १५ वर्षं. शेवटी ३६ लाख. म्हणजे माझ्या ७९व्या वर्षी. मुलाने रात्री बसून हिशेब केला, परतावा वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास. २१ लाख भरून ३६ मिळतात म्हणजे केवढा नफा, असं ऐकायला वाटतं, पण मधली वर्षं कुणी मोजत नाही. शेवटच्या पानांवर माझ्याच अर्जाची प्रत जोडलेली होती. व्यवसाय : स्वयंरोजगार. वार्षिक उत्पन्न : १२ लाख रुपये. ईमेल : माझ्या नावाचा, पण मी कधीच न उघडलेला कुठलातरी पत्ता. मला ईपीएफचं पेन्शन येतं महिन्याला ३,१४० रुपये, आणि वर एफडीचं व्याज. कागदावरचा तो बारा लाखवाला माणूस वाचून ही एवढंच म्हणाली, "इतकं कमवत होतात तर मला सांगायचं तरी."

बँकेत गेलो. पोराची बदली झाली होती. फोन वाजायचा, उचलला जायचा नाही. नवीन मॅनेजर गोड बोलले. "ही विमा कंपनीची बाब आहे, आम्ही फक्त मध्यस्थ." मग आवाज खाली आणून सल्ला दिला, "काका, आता बंद केलंत तर शून्य मिळेल. आणखी एक हप्ता भरा, म्हणजे सरेंडर व्हॅल्यू तरी तयार होईल." सरेंडर व्हॅल्यू म्हणजे पॉलिसी मध्येच सोडली तर परत मिळणारी रक्कम. हा सल्ला खोटा नव्हता, म्हणून जास्त घातक होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून विकलेल्या पॉलिसींना एका वर्षाचा हप्ता भरल्यावरही काही रक्कम परत द्यावी लागते. माझी जूनची, जुन्या नियमातली. तिला दोन हप्ते भरल्याशिवाय काहीच नाही. पण दोन भरून तरी किती? दुसऱ्या वर्षी सोडली तर भरलेल्या हप्त्यांच्या किमान ३० टक्के. म्हणजे सहा लाख घालून खात्रीचे १ लाख ८० हजार. तीन गेलेत ते वाचवायला आणखी तीन टाका, असा तो मामला. रिजेक्ट झालेल्या जॉबवर पुन्हा मटेरियल चढवायचं नसतं, हे मला निदान तिथे आठवलं. भरले नाहीत.

पोलिसांत जावं का, १९३० ला फोन करावा का, हेही मनात आलं. पण तो नंबर सायबर चोरीचा. माझ्याकडे चोरी झालीच नव्हती. ओटीपी माझा, 'हां जी' माझं, पैसे माझ्याच बँकेतून गेलेले.

पंधरा दिवस कुणाला बोललो नाही. लाज वाटते हो. मग एका संध्याकाळी तलावपाळीच्या बाकावर तोंडातून निघून गेलं. आम्ही पाच जण बसतो. पाचातले तिघं निघालो! एकाला एकरकमी सांगून दहा वर्षांची गळ्यात मारली होती. दुसऱ्याला लॉकर हवा होता, तर 'पॉलिसी घ्या, लगेच देतो' म्हणाले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे लॉकरसाठी बँक फार तर तीन वर्षांचं भाडं आणि लॉकर फोडण्याचा खर्च निघेल एवढी मुदत ठेव मागू शकते, पॉलिसी नाही. तिघंही वर्षभर एकाच बाकावर बसून पावसाच्या आणि गुडघ्यांच्या गप्पा मारत होतो.

त्यानंतर मुलाने हात घातला. आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार, बँकेलाही वेगळी, शाखेत पोच शिक्का मारून. तोंडी काहीही बोलायचं नाही, हे त्याने मला बजावलं. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवरही नोंद केली. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी १५५२५५ हा फोन आहे. कंपनीचं उत्तर आलं : आपण व्हेरिफिकेशन कॉलमध्ये सर्व अटींना संमती दिली आहे, फ्री लुकचा काळ उलटला आहे, विनंती मान्य करता येत नाही. कंपनीने नाही म्हटलं, किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, उलट वकील चालतच नाही.

आम्ही गेलो. नोव्हेंबरात लोकपालांसमोर व्हिडिओवर सुनावणी झाली. इस्त्रीचा शर्ट घालून मी मुलाच्या लॅपटॉपसमोर बसलो. कंपनीच्या माणसाने ते रेकॉर्डिंग लावलं. स्वतःचा आवाज असा ऐकणं फार वाईट. बाई विचारतायत, आणि मी हां जी, हां जी, देवळात आरतीला टाळ वाजवावा तसा तालात. 'सात साल तक हर साल तीन लाख', या प्रश्नानंतर मात्र दोन-तीन सेकंद काहीच नाही. तिथे मी त्या पोराकडे पाहत होतो, हे मला लख्ख आठवलं. मग पुन्हा हां जी. मला वाटलं, संपलं.

आमच्याकडे बोलण्यासारखं एकच होतं, तो अर्ज. मुलाने पेन्शनचं पासबुक, आयकराचे कागद आणि अर्जातला बारा लाखांचा आकडा शेजारी शेजारी ठेवून पाठवले होते. समोरून कंपनीला विचारणा झाली की ६४ वर्षांच्या पेन्शनराला बारा लाखांचं स्वयंरोजगाराचं उत्पन्न कशावरून लिहिलं, एखादा पुरावा घेतला होता का? बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज येत राहिला. ज्याला वर्षाला पेन्शनचे चाळीस हजारसुद्धा मिळत नाहीत तो सात वर्षं तीन-तीन लाख भरणार कुठून, हे त्या एका ओळीनेच विचारलं. म्हणून सांगतो, घरात असं पाकीट असेल तर आजच काढा आणि आधी मागची पानं पाहा. उत्पन्न, व्यवसाय, ईमेल, विमा कुणाच्या आयुष्याचा. पुढची पानं त्यांची असतात, पण खोटं मागच्या पानांवर सापडतं.

निकाल लागायच्या आधीच कंपनीने तडजोड मान्य केली. भरलेले ३,१३,५०० परत, व्याज नाही. डिसेंबरात आले. दीड वर्षाचं एफडीचं व्याज गेलं, तेहतीस-चौतीस हजार. बँकेने एका ओळीचं दिलगिरीचं पत्र पाठवलं, त्यातही माझ्या आडनावात चूक होती. लॉकरवाल्या मित्राची तक्रार अजून चालू आहे, त्याच्याकडे पुराव्याला काहीच नाही. त्या पोराबद्दल म्हणाल तर मला आता तितका राग येत नाही. महिन्याला इतक्या पॉलिसी आणल्याच पाहिजेत असं टार्गेट त्याच्या डोक्यावर असणार. पण पाया पडायला नको होतं त्याने.

ते पैसे मी पोस्टात टाकले, ज्येष्ठ नागरिक योजनेत, ८.२ टक्के. खिडकीतल्या बाईंनी मान वर केली नाही. फॉर्म दोनदा परत केला, एकदा सही जुळत नाही म्हणून, एकदा फोटो चिकटवला नाही म्हणून. बसायला खुर्ची नव्हती, चहाचा तर प्रश्नच नाही. मी विचारलं, "पाच वर्षंच ना?" त्या करवादल्या, "लिहिलंय ना तिथे, वाचा की!" मी चष्मा लावला आणि मागे रांग खोळंबली तरी पहिल्या ओळीपासून सगळा फॉर्म वाचून काढला.