बोकड मस्कतला जाणार होते, पोचले देवनारला

लाज वाटते म्हणून इतके दिवस गप्प होतो, पण बकरी ईद जवळ आली की एक्सपोर्टच्या नावाने बोकड उचलून नेणारी ही माणसं परत गावागावात फिरणार.

मी कुडाळ तालुक्यातला, कोकण कन्याळ जातीच्या शेळ्या पाळतो, तोंडावर पांढऱ्या पट्ट्या असतात त्या. मागच्या ईदच्या आधी एकजण बोलेरो घेऊन आला, जिभेवर नुसती साखर, म्हणाला मस्कतला माल पाठवतो, जिवंत वजनाला किलोमागे 650 देतो. आमच्याकडचा व्यापारी 450 च्या वर जात नाही. 2018 ला नागपूरहून शारजाला विमानाने बकरे जायचे ठरलेले आणि विरोध झाल्यावर अडकलं ना, ती बातमी मोबाईलवर दाखवली, म्हणे विमानाचं बारगळलं म्हणून आता आमच्या जवळच्या रेडी बंदरावरून बोटीने. रेडीला मी जन्मभर लोखंडाच्या मातीची जहाजं बघितली, बकरा चढताना एकदाही नाही, तरी 650 ऐकून डोकं चाललं नाही.

14 बोकड, 420 किलो. काटा त्याचाच, ते सोडा. हिशोब बघा, 20,000 ॲडव्हान्स दिला आणि क्वारंटाईन, हेल्थ सर्टिफिकेट म्हणून बोकडामागे 1,200 तिथेच कापून घेतले, म्हणजे 16,800, माझ्या हातात राहिले 3,200. बाकी 2,53,000 बोट सुटली की बँकेतून. बायको म्हणाली पण, चौदा बोकड नि तीन हजार? मी तिलाच गप्प केलं.

आठव्या दिवशी मुंबईहून, देवनारच्या बकरा बाजारातून भाच्याचा व्हिडिओ कॉल. "मामा, तुमचो कानफाटो हय देवनाराक उभो आसा." तोच. डावा कान कुंपणाच्या तारेत फाटलेला, मीच हळद भरलेली त्याला. भाचा पलीकडे जाईपर्यंत गिऱ्हाईक घेऊन पण गेलं.

मग अक्कल आली. जिवंत जनावर बाहेर पाठवायचं तर सर्टिफिकेट केंद्र सरकारचं क्वारंटाईन खातं देतं, एजंटने अंगणात बसून कापायचे पैसे नव्हेत ते, मी तर पावती पण मागितली नाही. आखातात बोटीने बकरे जातात ते कच्छच्या तुणा बंदरातून. आणि एक्सपोर्टरला आयईसी नंबर लागतो, म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी नोंदणी नंबर, तो डीजीएफटी या केंद्राच्या परदेशी व्यापार खात्याच्या साईटवर फुकट तपासता येतो, त्याने दिलेला टाकला तर भलत्याच पेढीचं नाव आलं. दोन मिनिटांचं काम, बोकड गेल्यावर केलं.

पोलिसात तक्रार दिलीय, चकरा चालू आहेत. त्याचा फोन बंद, व्हॉट्सॲपच्या डीपीवर जहाज तेवढं अजून आहे.