रीफ टँक हलवून देणारी सेवा, नागपूर : ५ पैकी ३

काम ३०० लिटरच्या रीफ टँकचं (प्रवाळ आणि मासे पाळायची खाऱ्या पाण्याची टाकी), मनीषनगरहून धरमपेठेतल्या तात्पुरत्या टबात. क्रम अचूक: आधी प्रवाळ, मग खडक, मासे शेवटी. खडक निघाल्याशिवाय मासे हाती लागतच नाहीत. जुन्या पाण्यापैकी ८० टक्के पाणी झाकणाच्या ड्रममध्ये घेतलं, खडक त्यातच बुडवून नेले. खडक सुकला की त्यावरचे जीव मरतात आणि पाण्यात विषारी अमोनिया चढतो.

घोळ वाळूत झाला. तीन इंचांचा जुना थर न धुता तसाच टबात ओतला. तळातला गाळ, सोबत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू, सगळं वर. वाळू खाऱ्या पाण्यात धुवायची, नाहीतर तात्पुरत्या टबात घालायचीच नाही.

बॅटरीवरचा एअर पंप सोबत होता, हे बरं. पण नागपूरचा मे महिना, आणि चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) म्हणे ‘लागला तर आणू’! प्रवाळाला २५-२६ अंश लागतात. कूलरसमोर पाणी झपाट्याने उडतं आणि खारेपणा (सापेक्ष घनतेत मोजलेला) १.०२६ च्या वर सरकतो. भर आरओ-डीआय पाण्याचीच (गाळून क्षार काढलेल्या शुद्ध पाण्याची) घालायची, खाऱ्या पाण्याची नाही. अमोनिया आठवडाभर रोज तपासावा लागतो. टेस्ट किट दरात धरलेलं नाही, आधीच विचारून घ्या.