जळगावच्या चांगल्या कॉलनीत राहायला नेमकं किती लागतं? हिवाळा-उन्हाळा काढल्यावरचा अनुभव

अमळनेर तालुक्यातलं गावचं घर सोडून पोरांच्या शिक्षणासाठी आम्ही जळगावला महाबळच्या बाजूला टूबीएचके भाड्याने घेतला. दिवाळीच्या आधी आलो, आता पावसाळा चालूये. नातेवाईकांत जो तो एकच विचारतो, भाडं किती? भाऊ, भाड्यावरून काहीच कळत नाही. १२,००० भाडं नि १,५०० मेन्टेनन्स, माझा मावसभाऊ पुण्यात वाकडला राहतो तो म्हणतो तू फुकटात राहतोय. हिवाळ्यात मलापण तसंच वाटत होतं. खरा हिशोब होळी झाल्यावर सुरू होतो.

आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर सरळ स्लॅब, बेडरूमची भिंत पश्चिमेला. मेमध्ये पारा ४४-४५ ला गेला की रात्री अकराला पण त्या भिंतीला हात लावला तर गरम लागते, पंखा गरमच हवा फेकतो, लहान पोरगी फरशीवर ओला टॉवेल टाकून झोपायची. गावात अंगणात खाट टाकली की विषय संपला, इथे तीच झोप विकत घ्यावी लागते.

आता कुलर की एसी यावर लोक खूप भांडतात म्हणून सांगतो. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये कुलर एकदम भारी काम करतो आणि दोनशे वॅटच्या आसपास खातो म्हणजे पाच तासाला एक युनिट. पण जूनमध्ये ढग आले, हवा दमट झाली की त्याच कुलरने अंग नुसतं चिकचिक करतं, मग एसीशिवाय पर्याय नाही, आणि दीड टनाचा एसी रात्रभर चालला की आठ-दहा युनिट गेले समजा. महावितरणचा दर १००, ३०० आणि ५०० युनिटला चढतो, वर स्थिर आकार, वहन आकार (वीज पोचवण्याचा) आणि १६ टक्के वीज शुल्क. जानेवारीत ९५ युनिटचं बिल आठशेच्या आसपास होतं, उन्हाळ्यात एका महिन्याला ३८० युनिट पडले तर पावणेपाच हजार. युनिट चौपट, बिल जवळजवळ सहापट! आणि सुरक्षा ठेव वर्षाच्या सरासरी वापरावर दोन महिन्यांच्या बिलाएवढी धरतात, म्हणजे उन्हाळा जड गेला की नंतर ठेवीची जादा मागणी पण येते. ती घरमालक भरेल की तुम्ही, हे करार करतानाच लिहून घ्या.

दुसरं पाणी. शहराला वाघूर धरणाचं पाणी येतं पण नळ रोज नसतो, त्यामुळे सगळा भार बोअरवर. मेमध्ये बोअरने दम सोडला आणि टँकर सुरू झाले, त्यात घरोघर कुलर चालू, प्रत्येक कुलर दिवसभर पाणी पितो. टँकरचे महिन्याला ७०० रुपये मेन्टेनन्सवर जादा पडले, प्यायचे जार वेगळे. फ्लॅट दाखवणारा एजंट लिफ्ट दाखवतो, पार्किंग दाखवतो, बोअर मेमध्ये किती चालतो ते कोणीच सांगत नाही. तुम्ही वॉचमनला विचारा, तो खरं सांगतो.

खाण्यापिण्याचं म्हणाल तर जळगाव अजून परवडतं, हे मी मनापासून सांगतो. कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या चकाचक दुकानात भाजी महाग आहे, तिथे रोज घेऊ नका, फुले मार्केटकडे जाऊन दोन-तीन दिवसांची आणा. धान्य वर्षाचं एकदम भरा. दादर ज्वारी आम्ही घरचीच आणतो, नसेल तर दाणा बाजारात हंगामात घ्या, किरकोळ किलो-किलोने घेतली तर फरक जाणवतो. हिवाळ्यात आसोदा-भादलीकडची भरताची वांगी येतात ती स्वस्त मिळतात, पण फ्लॅटमध्ये काड्यांवर भाजणार कुठे, गॅसवर भाजलं तर तो धुराचा वास येतच नाही, मग तयार भरीत किलोने विकत येतं. बिबड्यांचं, म्हणजे आपल्या ज्वारीच्या पापडांचं पण तेच. गच्चीला सोसायटीचं कुलूप, सेक्रेटरी म्हणे डाग पडतात, त्यामुळे आईने यंदा बिबडे, कुरडया काहीच घातलं नाही, सगळं विकत. पैशापेक्षा आईला त्याचं जास्त लागलं आणि मला पण.

कमी काय झालं? डॉक्टर, क्लास, शाळा सगळं दहा मिनिटांत, गावाहून दर आठवड्याला होणारी गाडी-पेट्रोलची रक्कम वाचली. संध्याकाळी पोरं 'भाऊंचे उद्यान' नावाच्या बागेत जातात, तो आनंद वेगळा.

ज्यांचं स्वतःचं रोहाऊस आहे त्यांनी सोलरचा विचार कराच, पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० अनुदान आहे नि तेवढ्यात दिवसाला बारा-एक युनिट निघतात. सोसायटीला लिफ्ट-पंपासाठी किलोवॅटमागे १८,००० मिळतात, आमच्या मीटिंगमध्ये दोनदा विषय निघाला, वर्गणीवर अडला. मी पुन्हा मांडणार आहे.

आम्ही जळगाव सोडणार नाही, पोरांचं छान चाललंय. पण करार संपला की हा फ्लॅट नक्की सोडू, मधला मजला नि पूर्वेची बेडरूम मिळत असेल तर हजार-दीड हजार भाडं जास्त द्यायला तयार आहे, उन्हाळ्याच्या बिलात ते निघून येतं. महाबळ, आदर्श नगर, मेहरूणकडे असं काही रिकामं होत असेल तर सांगा, होळीच्या आत शिफ्ट व्हायचंय.