कॅलिफोर्नियाचं कॅम्पफायर परमिट: फुकट मिळतं म्हणून हलक्यात घेऊ नका

५ पैकी ५ स्टार. सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या आपल्या प्रत्येक कॅम्पिंग ग्रुपने हे शेकोटी-स्टोव्ह पेटवायचं परमिट काढायलाच हवं असं मी अगदी मनापासून सांगतेय.

ऑनलाइन काम आहे सगळं. एक छोटा व्हिडिओ बघायचा, त्यावरची क्विझ सोडवायची, माहिती भरायची की परमिट तयार. वय १८ पूर्ण हवं, पैसे काहीच नाहीत, आणि ते त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत चालतं. नॅशनल फॉरेस्टमध्ये सोयीसुविधांचं कॅम्पग्राउंड सोडून बाहेर कुठे मुक्काम करणार असाल तर शेकोटीला लागतं, कोळशाच्या बार्बेक्यूला लागतं आणि छोट्या गॅस स्टोव्हलाही लागतं, हे शेवटचं बऱ्याच जणांना माहीतच नसतं. टाहो तलावाजवळच्या डेसोलेशन विल्डरनेस या राखीव रानात तर शेकोटीला कायमची बंदी आहे, तिथे स्टोव्हवर नुसता चहा करायचा तरी परमिट जवळ हवं.

व्हिडिओतला विझवण्याचा भाग मला सगळ्यात आवडला. आपल्याकडे काय होतं, निघायच्या घाईत उरलेली पाण्याची बाटली वरून ओततात आणि झालं म्हणतात, वरची राख काळी पडते पण खाली निखारे तसेच धगधगत असतात आणि दुपारी वारा सुटला की परत पेटतात. म्हणून भरपूर पाणी ओता, फावड्याने ढवळा, परत ओता, हात जवळ नेऊन बघा, ऊब लागली तर पुन्हा पहिल्यापासून. आणि पेटवायच्या आधी चारी बाजूंनी ५ फूट माती दिसेपर्यंत साफ करायचं, फावडं हाताशी ठेवायचं, एक जबाबदार माणूस सतत तिथे बसलेला हवा.

आता एवढं कशाला असं वाटत असेल तर कायदा बघा. "मुद्दाम लावली नाही ना, मग गुन्हा कसला" हे मी आपल्या लोकांकडून खूप ऐकते आणि ते चूक आहे. कॅलिफोर्निया पीनल कोडचं कलम ४५१ मुद्दाम लावलेल्या आगीचं, जंगल पेटवलं तर २, ४ किंवा ६ वर्षं तुरुंग. पण त्याला लागूनच ४५२ आहे, ते बेपर्वाईचं. धोका कळत होता आणि तरी दुर्लक्ष केलंत एवढं पुरतं, आणि स्वतःहून प्यायला होतात म्हणून कळलं नाही ही सबब चालत नाही. जंगल जळलं तर १६ महिने ते ३ वर्षं किंवा काउंटी जेलमध्ये ६ महिन्यांपर्यंत, कोणी गंभीर जखमी झालं तर ६ वर्षांपर्यंत. शिवाय 'जंगल' म्हणजे फक्त झाडं नाहीत, कायद्याच्या व्याख्येत गवताळ माळ आणि झुडपंही येतात, म्हणजे उन्हाळ्यात पिवळ्या पडलेल्या आपल्या आसपासच्या टेकड्यासुद्धा. वर आग विझवायचा खर्च निव्वळ निष्काळजीपणासाठीही वसूल करता येतो. आणि व्हिसावर असणाऱ्यांनी तर नीट विचार करा, शिक्षा झाली तर ग्रीन कार्डचं काय होईल.

२०२० ची एल डोराडो फायर आठवते का? युकायपाजवळच्या पार्कमध्ये एका जोडप्याने बाळ मुलगा की मुलगी हे जाहीर करायला धुराचं फटाक्यासारखं काहीतरी पेटवलं, वाळलेलं गवत धरलं, २२ हजारांहून जास्त एकर जळलं आणि एका फायरफायटरचा जीव गेला. कोणाला काही जाळायचं नव्हतं हो तिथे. २०२४ मध्ये वडिलांना एक वर्ष जेल झाली आणि दोघांना मिळून जवळपास १८ लाख डॉलर भरपाई द्यायला लावली. ती बातमी वाचल्यापासून मला त्या फायरफायटरच्या घरच्यांचा विचार सुटत नाही.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या, परमिट आहे म्हणजे त्या दिवशी शेकोटी चालेलच असं नाही. फायर रिस्ट्रिक्शन लागू असतील तर बंदी म्हणजे बंदी, त्यामुळे निघायच्या आधी तिथल्या रेंजर ऑफिसला फोन करा किंवा वेबसाइट बघा. आणि ग्रुपमध्ये एकाकडे आहे म्हणून बाकीच्यांनी टाळू नका, स्टोव्ह जो पेटवणार त्याने व्हिडिओ बघितलेला हवाच. गेल्या वर्षीचं काढलेलं असेल तर ते संपलंय, नवीन काढा, आणि घडीचं फावडं आत्ताच गाडीत टाकून ठेवा.