मुंबईच्या सरावात संभाजीनगरची अर्धमॅरेथॉन : परगावच्या धावपटूचे परीक्षण

पूर्ण मॅरेथॉनच्या तयारीत रविवारची लांब धाव चुकली की पुढच्या आठवड्याची घडी विस्कटते, आणि कामानिमित्त परगावी मुक्काम असला की ती हमखास चुकते. जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनसाठी सराव करणाऱ्या माझ्यासारख्या परभणीकराने छत्रपती संभाजीनगरच्या मुक्कामात तेथील डिसेंबरमधील एका अर्धमॅरेथॉनला नाव नोंदवले, ते याच हिशेबाने. त्यामुळे वैयक्तिक विक्रमाच्या मागे असणाऱ्यांना या परीक्षणाचा फारसा उपयोग नाही. 21.0975 किलोमीटरची शर्यत सरावाची धाव म्हणून वापरू पाहणाऱ्या आणि शहरात ओळखीचे कोणी नसणाऱ्या धावपटूला ही स्पर्धा कितपत सोयीची आहे, एवढेच येथे तपासले आहे.

सर्वांत जमेची बाजू म्हणजे मार्ग. जालना रोड सरळसोट दिसतो खरा. परंतु सिडको, सेव्हन हिल्स, मोंढा नाका आणि क्रांती चौक येथील उड्डाणपूल जाताना आणि येताना, असे दोनदा चढावे लागतात. साडेचार तासांत पूर्ण मॅरेथॉन संपवायची असेल तर किलोमीटरमागे 6 मिनिटे 24 सेकंदांचा वेग लागतो, म्हणजे अर्धे अंतर सव्वादोन तासांत कापावे लागते. हा वेग सपाटीवर सांभाळणे वेगळे आणि पुलाच्या चढावर श्वास पाहून तो थोडा सोडणे, मग उतारावर गुडघ्यांना हिसका न देता हळूहळू भरून काढणे वेगळे. मुंबईत पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पाय थकल्यावर येतो. त्याची इतकी चांगली रंगीत तालीम मराठवाड्यात मला अन्यत्र मिळालेली नाही. दमट हवेची तालीम मात्र येथे होत नाही. कोरड्या गारव्यात घाम अंगावरच वाळतो आणि तहान उशिरा कळते, म्हणून प्रत्येक पाणीकेंद्रावर दोन घोट घ्यावेतच.

ही केंद्रे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी उत्तम सांभाळली. कागदी पेले अर्धेच भरलेले होते, त्यामुळे धावताना पाणी अंगावर सांडत नव्हते आणि वायाही जात नव्हते. पाणीटंचाई पाहिलेल्या मुलुखात हे भान सुखावणारे आहे. मीठ-साखरेचे पाणी, संत्र्याच्या फोडी आणि शेंगदाण्याची चिक्की शेवटच्या धावपटूपर्यंत पुरली. परगावच्या स्पर्धकांना ओळखपत्र दाखवून शर्यतीच्या पहाटे बिब (छातीवर लावायचा स्पर्धक क्रमांक) देण्याची सोयही चोख होती.

बॅगा ठेवण्याच्या व्यवस्थेबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. सरावाच्या तक्त्यात 28 किलोमीटर असतील तर उरलेले सात किलोमीटर शर्यतीच्या आधी आणि नंतर वाटून पळावे लागतात. पण काउंटर शर्यत सुटण्याच्या जेमतेम पंधरा मिनिटे आधी उघडले आणि रांग एकच होती. पाठीवर सॅक घेऊन कोण पळणार? स्थानिक मंडळी सामान गाडीच्या डिकीत ठेवून मोकळी झाली, अडचण झाली ती आम्हा बाहेरच्यांची. दुसरी तक्रार वाहतुकीची आहे. दोन तासांनंतर धावणाऱ्यांना रिक्षांच्या शेजारून धावावे लागले, आणि माझा वेग ठरवूनच संथ असल्याने ही कसरत माझ्याही वाट्याला आली.

राहण्याखाण्याचे थोडक्यात सांगतो. लॉजवर नाश्ता साडेसातपूर्वी मिळत नाही, तेव्हा केळी आणि ब्रेड आदल्या रात्रीच आणून ठेवावेत. शहरात आलोच आहोत तर नान-खलिया खाण्याचा मोह होणारच. तो शर्यतीनंतरच्या दुपारपर्यंत आवरावा.

निकाल त्याच संध्याकाळी मिळाला. त्यात वळणाच्या ठिकाणची वेळही स्वतंत्र नोंदवलेली असल्याने दोन्ही टप्प्यांतील वेगाची तुलना करता आली. सराव म्हणून धावणाऱ्याला पदकापेक्षा हीच नोंद अधिक कामाची. काउंटर तासभर आधी उघडावे, अशी लेखी सूचना मी आयोजकांना पाठवली आहे. ती मान्य झाली तर पुढच्या वर्षी परभणीतील आमच्या गटालाही नाव नोंदवायला सांगेन.