डाव पडद्यावर उतरतो तेव्हा: ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स – ऑनर अमंग थीव्ह्ज’

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळावर चित्रपट काढायचा तर पहिली अडचण ही की या खेळाला ठरलेली कथाच नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात नियमांची पुस्तके आहेत, विचित्र प्राण्यांची भली मोठी सूची आहे, नकाशांसह उभी केलेली जगे आहेत. पण त्या जगात पुढे काय घडेल, हे टेबलाभोवती बसलेले चार-पाच खेळाडू, कथा चालवणारा त्यांचा डंजन मास्टर आणि वीस बाजूंचा फासा मिळून त्या त्या बैठकीत ठरवतात. कादंबरीवरचा चित्रपट पाहणारा वाचक कोणता प्रसंग गाळला, कोणता बदलला हे तपासतो. या खेळाच्या चाहत्याला तसे काही तपासायचे नसते. खेळताना जो अनुभव येतो तो पडद्यावर आला की नाही, एवढेच त्याला पाहायचे असते. २०२३ साली प्रदर्शित झालेल्या ‘ऑनर अमंग थीव्ह्ज’ने तो अनुभव दिला, आणि म्हणूनच या खेळावरचा हा पहिला खरोखर यशस्वी चित्रपट आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कथा थोडक्यात सांगायची तर एडगिन डार्विस (क्रिस पाइन) हा पत्नीच्या मृत्यूनंतर चोरीच्या वाटेला लागलेला बार्ड, म्हणजे गाणारा-वाजवणारा भाट, आणि होल्गा किलगोर (मिशेल रॉड्रिग्ज) ही टोळीने हद्दपार केलेली बार्बेरियन, म्हणजे रानटी लढवय्यी, एका फसलेल्या चोरीमुळे तुरुंगात पडतात. बाहेर येतात तेव्हा जुना साथीदार फोर्ज (ह्यू ग्रँट) नेव्हरविंटर शहराचा अधिपती झालेला असतो आणि एडगिनची मुलगी कीरा त्यालाच आपला पालक मानू लागलेली असते. मुलीचा विश्वास परत मिळवायचा आणि मृत पत्नीला जिवंत करू शकणारी जादूची पाटी हस्तगत करायची, एवढ्यासाठी हे दोघे सायमन (जस्टिस स्मिथ) हा आत्मविश्वास हरवलेला सॉर्सरर (जादूगार) आणि डोरिक (सोफिया लिलिस) ही प्राण्यांची रूपे घेणारी ड्रुइड (निसर्गाची जादू जाणणारी) यांना जमवतात. जगाचा विनाश टाळण्याची जबाबदारी पुढे त्यांच्यावर येतेच, पण सुरुवात होते ती घरच्या प्रश्नापासून. खेळातल्या बहुतेक मोहिमाही अशाच कुणाच्या तरी खासगी कारणाने सुरू होतात, आणि दिग्दर्शक जोनाथन गोल्डस्टीन व जॉन फ्रान्सिस डेली यांनी हे प्रमाण नेमके सांभाळले आहे.

चित्रपटाची सर्वांत मोठी ताकद त्यातल्या फसणाऱ्या बेतांमध्ये आहे. एडगिनला जादू येत नाही, तलवारही फारशी येत नाही. तो बेत आखतो, आणि त्याचे बेत एकामागून एक कोसळतात. फोर्जच्या तिजोरीत शिरण्यासाठी ही मंडळी एका चित्रावर जादूचे दार उघडतात आणि ते चित्र आत पोचते खरे, पण दार जमिनीकडे तोंड करून पालथे पडते. भूगर्भातल्या एका पुलावरून जाण्याची गुंतागुंतीची रीत पॅलाडिन, म्हणजे व्रतस्थ योद्धा, झेंक (रेजे-जाँ पेज) गंभीरपणे समजावून सांगत असतो, तेवढ्यात सायमनचा पाय चुकून त्या पुलावर पडतो आणि सगळा पूलच खाली जातो. ज्याने कधी डंजन मास्टरची जबाबदारी घेतली आहे, त्याला हा प्रसंग पाहताना आपल्याच बैठकी आठवतील: मोठ्या कष्टाने तयार केलेले कोडे खेळाडूंनी पहिल्याच क्षणी निकामी करायचे आणि मग त्यांच्या सामानात पडलेल्या, सगळेच विसरून गेलेल्या एखाद्या वस्तूने वाट काढायची. इथेही होल्गा निव्वळ चालण्याची काठी म्हणून बाळगत असलेली वस्तू कामी येते. तमाशाच्या बतावणीत सूत्र ठरलेले असते, पण बोलणे तिथल्या तिथे सुचते आणि समोरच्याच्या अनपेक्षित उत्तराने प्रसंग वेगळ्याच वाटेला लागतो. या खेळाची गंमत त्याच जातीची आहे. काटेकोर लिहिलेल्या पटकथेत ती उत्स्फूर्तता आणणे फार अवघड असते, आणि लेखकांनी ती आणली आहे.

हेच सुरुवातीच्या तुरुंगातील प्रसंगाबद्दलही म्हणता येईल. सुटकेच्या अर्जावर सुनावणी चालू असताना एडगिन समितीपुढे आपली लांबलचक पूर्वकथा सांगत बसतो. प्रत्येक खेळाडू आपल्या पात्राचा भूतकाळ अशाच उत्साहाने लिहून आणतो आणि तो ऐकवण्याची संधी शोधत असतो. जी माहिती प्रेक्षकाला द्यावीच लागणार होती, ती पात्राच्या स्वभावातून आणि खेळाच्या सवयीतून द्यायची ही कल्पना मला फार आवडली.

या यशाचे मोल कळायचे असेल तर २००० सालचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आठवावा लागतो. कोर्टनी सॉलोमन यांनी हक्क मिळवून, अनेक वर्षे झगडून तो चित्रपट उभा केला. त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. परंतु सुमारे साडेचार कोटी डॉलर खर्चाच्या त्या चित्रपटाला तिकीटबारीवर खर्चही भरून काढता आला नाही, आणि चाहत्यांनीही त्याला जवळ केले नाही. जेरेमी आयर्न्स यांच्यासारखा थोर नट खलनायकाच्या भूमिकेत सतत वरच्या पट्टीत ओरडत राहतो, हा त्यातला सर्वांच्या लक्षात राहिलेला दोष. मला अधिक खटकते ते बिहोल्डरचे दृश्य. अनेक डोळ्यांचा, तरंगणारा हा गोल प्राणी म्हणजे या खेळातल्या सर्वांत बुद्धिमान आणि संशयी शत्रूंपैकी एक. त्याच्याशी गाठ पडणार म्हटले की अनुभवी खेळाडूही गंभीर होतात. त्या चित्रपटात तो साधा पहारेकरी आहे आणि दगड फेकून त्याचे लक्ष दुसरीकडे वळवता येते. नाव तेच, रूपही बरेचसे तेच, पण त्या प्राण्याला खेळात जो अर्थ आहे तो पुसला गेला. चाहते रागावतात ते अशा गोष्टींवर, आणि त्यांच्या रागाला कारण असते.

नव्या चित्रपटात याच्या नेमके उलट घडते. बुद्धी खाऊन जगणारे, मेंदूच्या आकाराचे इंटलेक्ट डिव्हाउरर या मंडळींच्या अगदी जवळून जातात आणि त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. विनोद प्राण्याच्या मूळ स्वभावातूनच निर्माण झाल्यामुळे नवख्याला तो कळतो आणि जाणकाराला दुप्पट हसवतो. थेंबरशॉड हा बेसुमार लठ्ठ लाल ड्रॅगनही चित्रपटासाठी बनवलेला नाही. तो खेळाच्या प्रसिद्ध झालेल्या साहित्यातला आहे.

नियमांचा वापरही तितकाच विचारपूर्वक झाला आहे. मृताशी बोलण्याच्या मंत्राने प्रेताला पाचच प्रश्न विचारता येतात, हा खेळातला नियम. रणांगणावर पुरलेल्या योद्ध्यांना उठवून तिजोरीचे जादूई कुलूप तोडू शकणाऱ्या शिरस्त्राणाचा माग काढण्याचा जो प्रसंग आहे, तो संपूर्णपणे या मर्यादेवर उभा आहे, आणि माझ्या मते तो चित्रपटातला सर्वोत्तम प्रसंग आहे. त्याहून सूक्ष्म काम आहे ते अ‍ॅट्यूनमेंटचे. काही प्रभावी जादूई वस्तू वापरण्यापूर्वी पात्राला त्या वस्तूशी जुळवून घ्यावे लागते, हा खेळातला एक कोरडा, हिशेबी नियम आहे. सायमनला शिरस्त्राणाशी जुळवून घेता येत नाही ते त्याच्या स्वतःवरच्या अविश्वासामुळे, असे दाखवून लेखकांनी त्या नियमालाच पात्राच्या मनाचा प्रश्न बनवले. रूपांतर करणाऱ्याने नियम पाळावेत की मोडावेत, यावर चाहते तासन्‌तास वाद घालतात. इथे नियमाच्या पोटातली नाट्यमय शक्यता शोधली गेली, आणि त्यापुढे तो वाद मला गौण वाटतो.

म्हणूनच डोरिकने आउलबेअरचे रूप घेण्याबद्दल २०२२ मध्ये झलक आली तेव्हा जो गदारोळ झाला, त्यात मला फारसे तथ्य दिसत नाही. खेळाच्या पाचव्या आवृत्तीनुसार ड्रुइडला साध्या पशूंचेच रूप घेता येते आणि आउलबेअरची गणना त्यांत होत नाही, हे खरे आहे. परंतु घुबडाचे डोके आणि अस्वलाचे धड असलेला हा प्राणी या खेळाची जणू ओळख झालेला आहे, आणि कितीतरी डंजन मास्टरांनी ही सवलत आनंदाने दिलेली असते.

माझी तक्रार दुसऱ्या ठिकाणी आहे. एडगिन हा बार्ड असूनही चित्रपटभर एकही मंत्र म्हणत नाही. खेळात बार्डची जादू त्याच्या गाण्यावाजवण्यातून येते आणि साथीदारांना बळ देणे हे त्याचे मुख्य काम असते. खचलेल्या साथीदारांना शब्दांनी उभे करणे हेच एडगिनचे बळ, असा बचाव करता येतो आणि पाइन यांचा अभिनय त्याला आधारही देतो. तरीही ल्यूट हे तंतुवाद्य हातात असलेल्या नायकाला त्याचा उपयोग मुख्यतः डोक्यात हाणण्यासाठी व्हावा, हे मन मानत नाही. फोर्जची साथीदार, खेळातल्या काल्पनिक थाय देशाची लाल मांत्रिक सोफिना (डेझी हेड) दिसायला भयंकर आहे, पण तिला मनाचा आतला कोपरा दिलेला नाही. डोरिकच्या वाट्याला प्राण्यांची रूपे पालटत केलेला थरारक पाठलाग आला, मात्र माणसांनी टाकून दिलेल्या या मुलीचा माणसांवरचा अविश्वास दोन-तीन वाक्यांत आटोपला. झेंक मध्यावर निघून जातो आणि त्याच्याबरोबर चित्रपटातली एक वेगळीच शांत, निष्कपट धारही जाते.

निर्मितीच्या बाजूने सांगायचे तर तुरुंगाच्या समितीतल्या पक्षिमुखी जार्नाथनसारखे अनेक जीव संगणकावर न रंगवता प्रत्यक्ष मुखवटे आणि यांत्रिक बाहुल्यांनी घडवले आहेत, आणि त्यामुळे या जगाला वजन येते. आइसलँड आणि उत्तर आयर्लंडमधील चित्रीकरणाचाही त्यात वाटा आहे. १९८३ ते १९८५ या काळात अमेरिकन दूरचित्रवाणीवर आलेल्या कार्टून मालिकेतील मुले भूलभुलैयाच्या स्पर्धेत दुसरा संघ म्हणून क्षणभर दिसतात. ज्यांना ओळख पटेल त्यांना आनंद होतो, ज्यांना पटणार नाही त्यांचे काहीच अडत नाही. जुन्या खुणा पेरायच्या तर अशा पेराव्यात.

प्रदर्शनाची वेळ मात्र दुर्दैवी होती. जानेवारी २०२३ मध्ये खेळाचे मालक विझार्ड्स ऑफ द कोस्ट यांनी इतरांना खेळावर आधारित साहित्य काढू देणाऱ्या खुल्या परवान्याच्या अटी बदलण्याचा घाट घातला, स्वतंत्र लेखक-प्रकाशकांत संताप उसळला आणि काही चाहत्यांनी चित्रपटावरच बहिष्कार टाकण्याची भाषा केली. कंपनीने महिनाअखेर माघार घेतली. सुमारे पंधरा कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात सुमारे २०.८ कोटी मिळवले. एवढ्या मोठ्या खर्चाच्या मानाने हे उत्पन्न अपुरेच ठरते, आणि चित्रपटाच्या गुणवत्तेला ते मुळीच साजेसे नाही.

ज्यांनी आयुष्यात कधी हा फासा टाकलेला नाही, त्यांनीही हा १३४ मिनिटांचा चित्रपट निःशंकपणे पाहावा; पूर्वतयारीची गरज नाही, फक्त सुरुवातीची अनोळखी नावे लक्षात ठेवण्याचा अट्टहास करू नये. अगदी लहान मुलांना उठणारी प्रेते आणि मारामारी भीतिदायक वाटू शकेल. दहा-अकरा वर्षांपुढची मुले घरातल्या मोठ्यांसोबत बसून तो आनंदाने पाहतील. दुसरा भाग निघाला, तर हीच टोळी पुन्हा भेटावी, झेंकला शेवटपर्यंत सोबत ठेवावे आणि एडगिनच्या ल्यूटमधून एकदा तरी खरी जादू निघावी, एवढी माझी लेखकांकडे मागणी आहे.