मोजो २ की ह्युगो २?
कॉर्ड या इंग्लिश कंपनीच्या मोजो २ आणि ह्युगो २ या दोन डॅक-अ‍ॅम्प्लिफायरांपैकी (डिजिटल संगीताचे अ‍ॅनालॉग संकेतात रूपांतर करून ते हेडफोनसाठी वाढवणारी उपकरणे) कोणता घ्यावा, हा प्रश्न मुख्यतः किमतीचा नाही, जरी बाजारात आले तेव्हा पहिला सुमारे ४५० पौंडांना आणि दुसरा १,८०० पौंडांना मिळत असे. जाहिरातींतले डिजिटल फिल्टरचे आकडे बाजूला ठेवावेत. चांगल्या हेडफोनवर दोन्ही स्वच्छ आणि दमदार वाजतात, आणि जो फरक ऐकू येतो तो चौपट दामाचा नक्कीच नव्हे.

खरा फरक वापरात आहे. मोजो २ खिशात मावतो, त्यात यूएसबी-सी आहे आणि चार पट्ट्यांचा इक्वलायझरही आहे, म्हणजे हेडफोनचा जास्तीचा खर्ज जागच्या जागी आवरता येतो. मात्र बटणांच्या रंगीत गोळ्यांवरून मेनू लक्षात ठेवणे ही कटकटच आहे. ह्युगो २ बराच मोठा, शिवाय यूएसबी जोडणी जुन्या मायक्रो प्रकारची. पण ब्लूटूथ, रिमोट, हेडफोनचे ६.३५ मिमीचे भोक आणि घरच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी आरसीए जोडणी त्यालाच आहे.

प्रवासात फोनवरून ऐकणाऱ्याने मोजो २ घ्यावा; टेबलावरच्या हेडफोनबरोबर दिवाणखान्यातले स्पीकरही त्यावरच चालवायचे असतील, तरच ह्युगो २.